रकाने भरताना

चि. मुक्ता हिस,


झोटेरो उतरवून घेतलंस, बरं केलंस. संदर्भांच्या नोंदी ठेवायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि २००६ साली जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्याच लोकांनी सुरू केलेलं, त्यामुळे आपल्या कामाच्या गरजा त्याला बऱ्याच कळतात. मराठी कागद मात्र त्याच्या गावीही नाहीत.

इंग्रजी लेखांचं सोपं असतं. ब्राउझरमधलं बटण दाबलं की लेखक, नियतकालिक, वर्ष आपसूक येतं. पण तुझा विषय पेशवाईचा. राजवाड्यांच्या जुन्या खंडांना कुठला आलाय आयएसबीएन? तिथे रकाने हातानेच भरायचे, आणि खरी मेख तिथेच आहे.

'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड घे, १८९८चा. राजवाड्यांना लेखकाच्या रकान्यात घालू नकोस, ते संपादक. त्या रकान्याच्या नावावर टिचकी मारलीस की यादी उघडते, तिथून बदल. बावीस खंडांची मिळून एकच नोंद करून मोकळी होऊ नकोस. खंड वेगवेगळ्या वर्षी निघाले, तेव्हा नोंदीही वेगळ्या. ग्रंथालयाच्या यादीतून नोंद ओढलीस तर नाव रोमन लिपीत येईल, कुठे टिंबं-रेघांसकट, कुठे साधं. मग तुझ्या संदर्भसूचीत तीन राजवाडे उभे राहतील. एक रूप ठरव आणि बाकीची दिसतील तिथे दुरुस्त कर.

तारखांचं तर विचारूच नकोस. पानिपतच्या मोहिमेतल्या पत्रावर शके १६८२ आहे म्हणून तारखेत तोच आकडा टाकलास, तर झोटेरो तो इसवी सन समजणार आणि भाऊसाहेबांच्या छावणीतलं पत्र संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत नेऊन ठेवणार! सरसकट ७८ मिळवूनही भागत नाही. ते शक चैत्रात सुरू झालं तेव्हा १७६० होतं, पौषातली लढाई आली १४ जानेवारी १७६१ला. तारखेच्या रकान्यात इसवी सन लिही. कागदावरची मिती, सुहूर सन असेल तर तोही, 'एक्स्ट्रा'मध्ये जशीच्या तशी उतरव.

पेशवे दफ्तरात बसशील तेव्हा रुमालाचा, म्हणजे कागदांच्या गठ्ठ्याचा, क्रमांक कागद समोर असतानाच टाईप कर. 'घरी जाऊन भरू' म्हटलेलं राहतंच. तू डोळ्यांनी पाहिलेला कागद आणि सरदेसायांच्या छापील निवडीत वाचलेलं पत्र, या दोन निराळ्या नोंदी. कुणाच्या पुस्तकातल्या तळटीपेवरून उचललंस, तर ती तिसरी. 'मूळ', 'छापील', 'परभारे' असे टॅग लाव. मौखिकीला परीक्षक नेमकं इथेच बोट ठेवतात.

वर्डमध्ये एका झटक्यात सूची तयार होते, त्याचं सगळ्यांना फार अप्रूप. मला नाही. सूचीची पद्धत शेवटच्या आठवड्यातही बदलता येते, रुमालाचा चुकलेला क्रमांक तेव्हा कुठून आणणार?

झोटेरोच्या सर्व्हरवर फायलींना फुकट जागा ३०० एमबी. मोडी कागदांचे स्कॅन जोडू लागलीस की ती हां हां म्हणता भरते. म्हणून झोटेरोचं फोल्डरच ड्रॉपबॉक्समध्ये ठेवायची युक्ती कुणी सांगेल, तर ऐकू नकोस, डेटाबेस बिघडतो. दर रविवारी झोटेरो बंद करून फोल्डरची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे.

दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप आण. फराळ झाला की नोंदी तपासायला बसू.

तुझी,
मावशी