चाकं शाबूत, झोप शांत

प्रश्न : सोसायटीत जागा नसल्याने अर्टिगा रात्री रस्त्यावर लावतो. शेजारच्या गाडीची स्टेपनी गेली. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या गाडीची स्टेपनी बुडाखाली टांगलेली असते, म्हणून आधी तिचाच बंदोबस्त करा. स्टेपनी लॉक सहज मिळतं. चार चाकांना प्रत्येकी एक अँटी-थेफ्ट नट पुरेसा. त्याची वेगळ्या खाचांची चावी मात्र गाडीतच, टूलकिटजवळ ठेवा. ती घरी राहिली, तर पंक्चरवालाही हात टेकतो! हा नट इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका, खाचा झिजतात.

आरशांच्या काचेवर कोपऱ्यात गाडीचा नंबर कोरून घ्या; नंबर असलेला माल चोरबाजारात खपवायला जड जातो. गाडी दिव्याखाली, डावी बाजू भिंतीला चिकटवून लावा. कव्हरवर फार विसंबू नका, त्याच्या आड चोराचंच फावतं.

विम्याचं म्हणाल, तर आधी हिशेब मांडा. प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, वर किमान १,००० रुपयांची सक्तीची वजावट आणि नो क्लेम बोनसवर पाणी. एका आरशासाठी क्लेम करू नये, असं माझं मत. पोलिसांत तक्रार मात्र जरूर द्या.