पावसच्या माळ्यांवरच्या काचा

रत्नागिरीजवळच्या पावस, गोळप, गणेशगुळे, पूर्णगड या पट्ट्यात जुनं घर उतरवायला काढलं की कधी कधी माळ्यावरून पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या पेट्या निघतात आणि त्यांत फोटोच्या काचा, म्हणजे काचेच्या निगेटिव्ह, असतात. लोक त्या मला दाखवायला आणतात आणि विचारतात, "किती जुन्या असतील हो?" या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं, ते सांगतो.

१. आधी पुसू नका.
काचेची एक बाजू गुळगुळीत चमकते, दुसरी मंद दिसते. चित्र त्या मंद बाजूवरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असतं. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्यावर बुरशी धरते, आणि बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाणी लागताच सुटतं. ओल्या फडक्याने पुसलेली एक काच माझ्याकडे आली होती. कडेची माडाची झावळी तेवढी शिल्लक होती, चेहरे गेले होते. पणजीचा एकुलता एक फोटो असा जातो तेव्हा फार वाईट वाटतं. काच नेहमी कडांना धरा.

२. थर कसा चढवलाय ते पाहा.
१८५१ साली कोलोडियनची ओली पद्धत आली. फोटोग्राफर कोलोडियन हे चिकट द्रावण हाताने काचेवर ओतायचा, काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायचा आणि ओली असतानाच फोटो काढून धुवायचा. दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकावं लागे, म्हणून काळोखी खोली किंवा तंबू सोबत हवाच. अशा काचेवर थर कोपऱ्यांत कमी-जास्त असतो, एका कोपऱ्याला बोटाने धरल्याची कोरी जागा असते, आणि तिरक्या उजेडात रंग दुधी-तपकिरी दिसतो. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी १८५० च्या दशकात फोटो काढत होते, तो हा काळ.

पावसच्या घरांत मला मिळाल्या त्या सगळ्या सुक्या, जिलेटिनच्या. ही पद्धत डॉ. मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये मांडली, आणि १८७८ च्या सुमारास अशा काचा कारखान्यातून तयार मिळू लागल्या. त्यांचा थर एकसारखा, कडेपर्यंत पोचलेला आणि रंगाने काळा-राखाडी असतो. काठावर चांदीची निळसर चकाकी चढलेली असते. ती चकाकी पाहून लोक काच खराब झाली म्हणतात. खरं तर चित्रातली चांदीच हवेने आणि दमटपणाने पृष्ठभागावर आलेली असते. म्हणजे अशी काच १८७८ च्या फार आधीची नाही. पुढची हद्द मात्र थरावरून कळत नाही. रोल फिल्म १८८९ मध्ये आली, तरी स्टुडिओवाले पुढे कित्येक दशकं काचच वापरत राहिले.

३. कुंकू काळं दिसतं का?
मला सगळ्यात आवडणारी खूण ही. फोनवर कोरा पांढरा पडदा उघडून, काचेला न टेकवता, तो मागे धरा, दुसऱ्या फोनने फोटो काढा आणि रंग उलटवा. साध्या काचेला फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. त्यामुळे आभाळ कोरं पांढरं येतं, कुंकू काळं येतं आणि झेंडूसुद्धा काळपट येतो. झेंडू उजळ आणि जास्वंद काळी असेल तर काच ऑर्थोक्रोमॅटिक (पिवळा-हिरवाही कळणारी), म्हणजे १८८० च्या दशकात किंवा नंतर विकत घेतलेली. लालही नीट राखाडी उतरला असेल तर ती पॅनक्रोमॅटिक, आणि तशा काचा रॅटन अँड वेनराइटने १९०६ मध्ये बाजारात आणल्या. उलटा तर्क करू नका. स्वस्त साध्या काचा पुढेही पुष्कळ वर्षं खपत होत्या, त्यामुळे काळं कुंकू हा जुनेपणाचा पुरावा नाही.

४. पेटीवर विसंबू नका.
रिकाम्या पेटीत दुसऱ्याच काचा भरून ठेवायची रीत होती. पेटीवर 'इल्फर्ड लिमिटेड' असेल तर पेटी १९०० च्या आसपास किंवा नंतरची, कारण त्याआधी ती कंपनी ब्रिटानिया वर्क्स या नावाने चालायची. काचेची उजेडाची संवेदनशीलता सांगणारा डिन मापाचा आकडा असेल तर १९३४ नंतरची. हे झालं पेटीचं वय. काचेभोवती गुंडाळलेलं वर्तमानपत्रही काच बांधली ते साल सांगतं, फोटो काढला ते नाही. तरी तो कागद फेकू नका.

५. माणसांच्या मागे पाहा.
भिंगाने भिंत, छप्पर, टोप्या तपासा. मागे रविवर्म्याचं छापील चित्र टांगलेलं असेल तर फोटो १८९४ नंतरचा, कारण त्याचा छापखाना मुंबईत त्या साली सुरू झाला. गांधी टोपी दिसली तर १९२० च्या सुमाराचा किंवा अलीकडचा. रत्नागिरीत काढलेल्या फोटोत थिबा राजवाडा पूर्ण उभा असेल तर १९१० च्या आधी जाता येत नाही, आणि पतितपावन मंदिर असेल तर १९३१ च्या. कपड्यांवरून मी साल सांगत नाही. लग्नाचा शालू आणि आजोबांची पगडी दोन-दोन पिढ्या वापरात असत.

६. वडीलधाऱ्यांचं साल घटनांत असतं.
एका घरी आजींना तारीख विचारली तर त्या काही बोलेनात. "मानमोडी आली तेव्हा हे बाळ जन्मलं होतं का?" विचारल्यावर लगेच म्हणाल्या, "नाही हो, दादा त्याच्या दुसऱ्या वर्षीचा, आई सांगायची." मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, १९१८ ची. बाळ दादा असेल आणि मांडीवर बसण्याएवढं असेल, तर फोटो १९१९-२० चा. प्लेग १८९६ चा, 'रामदास' बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ ला. असं एक साल पक्कं मिळालं की त्याच स्टुडिओच्या बाकीच्या काचा त्याभोवती लावता येतात, कारण कडेला कोरलेले नंबर बहुधा क्रमाने असतात. तो कोरीव नंबर खरवडू नका.

७. पावसला हटकून येणारा प्रश्न.
"यात स्वामी आहेत का?" पावसचे संत स्वामी स्वरूपानंद यांच्यावरच्या भक्तीपोटी हा प्रश्न येतो, म्हणून तो मी नीट घेतो. स्वामींचा जन्म १५ डिसेंबर १९०३ चा. फोटोतल्या मुलाचं अंदाजे वय आणि फोटोचं अंदाजे साल जुळत नसेल तर स्पष्ट नाही म्हणावं. जुळलं तरी घरातल्या कागदाचा किंवा माणसाचा आधार मिळेपर्यंत हो म्हणू नये.

८. एकच आकडा लिहू नका.
'१९२० च्या आधीचा नाही, बहुधा १९३५ च्या आतला' असं लिहा आणि का ते शेजारी लिहा. पुढे नवी खूण मिळाली की मधली वर्षं कमी करता येतात.

मे महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी घरी येतात, तेव्हा माळ्यावरची पेटी खाली घ्या. आत्या, काका, मावशी एकत्र आहेत तोवर प्रत्येक चेहऱ्याचं नाव विचारा आणि ते कागदी पाकिटावर पेन्सिलीने लिहा, मग काच आत सरकवा. प्लॅस्टिकची पिशवी नको. काचा लांब कडेवर उभ्या ठेवा, एकमेकींवर रचू नका, आणि हे सगळं मृगाच्या आधी उरका.