नंबर लागायच्या आधी

पोरी, वर्षभर ऑस्ट्रेलियात राहायचं, मिळेल ते काम करून खर्च भागवायचा आणि उरल्या वेळात देश बघायचा, हे तू ठरवलंस ते मला मनापासून आवडलं. तुझ्या आईची समजूत मी घालते. पण त्याआधी जरा माझ्याजवळ बस.

भारत आणि ऑस्ट्रेलियातला व्यापार करार 2022 च्या डिसेंबरात लागू झाला, त्यातून हा ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा आपल्या मुलांसाठी आला. कागदोपत्री त्याला सबक्लास 462 म्हणतात. अख्ख्या भारताला वर्षाला जागा 1,000. 2024 च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा नोंदणी उघडली, तेव्हा दोनच आठवड्यांत 40 हजारांवर नावं गेली होती. म्हणून सोडत. म्हाडाच्या घरांची निघते तशीच, फक्त इथे नोंदणीचे 25 ऑस्ट्रेलियन डॉलर काही परत मिळत नाहीत. नंबर लागणं तुझ्या हातात नाही, त्यावर झोप घालवू नकोस. नंबर लागला की खरा अर्ज भरायला 28 दिवस मिळतात. मला काळजी आहे ती त्या दिवसांची. पासपोर्ट ऑफिस, पॅनची दुरुस्ती, इंग्रजीची परीक्षा, बँकेचे कागद एवढं सगळं 28 दिवसांत बसवायला निघालीस तर काहीतरी राहणारच. म्हणून सोडतीच्या आधी, नंबर लागलाच आहे असं धरून, फाइल तयार ठेव.

सुरुवात नावापासून कर. नोंदणीला पासपोर्ट आणि पॅन दोन्ही लागतात. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव प्रत्येक कागदावर वेगळं बसतं. तुझ्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग तू, मग बाबा. पासपोर्टवर आडनावाची ओळ वेगळी, आणि तुझं नाव नि बाबांचं नाव मिळून दुसरी ओळ. पॅनवर तिन्ही सलग. त्यात स्पेलिंगची तऱ्हा: एका ठिकाणी डबल ओ, दुसरीकडे नुसता यू, एकीकडे शेवटी ए आहे, दुसरीकडे नाही. रांगेत उभं राहून घाईत फॉर्म भरणाऱ्या घरांमध्ये हे हमखास होतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण तिकडचा अधिकारी पासपोर्टवरचं अक्षरन् अक्षर बघतो. तेव्हा पासपोर्ट प्रमाण मानायचा, बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायचे, आणि नोंदणीत पासपोर्टच्या ज्या ओळीत जे आहे तेच तसंच लिहायचं, बाबांच्या नावासकट. पॅनची दुरुस्ती आत्ताच टाक. पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर नोंदणीच्या आधी नवा काढ. आधी नोंदवायचं आणि मग पासपोर्टचा नंबर बदलायचा, हा नसता गुंता आहे.

आता पैसे. माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली, त्यामुळे इथे जरा जास्त बोलते. तिथे पोचल्यावर पोट भरायला साधारण 5,000 ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि शिवाय परतीच्या तिकिटापुरते पैसे आहेत, हे दाखवावं लागतं. म्हणजे आपले तीन लाखांच्या आसपास आणि वर तिकीट. खात्यात वर्षभर पंधरा-वीस हजार खेळताहेत आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम तीन लाख येऊन बसलेत, असं स्टेटमेंट कुणीही उघडलं तरी नजर त्याच ओळीवर थांबते. मामा पैसे देणार असेल तर खुशाल घे, लाजू नकोस. पण काही महिने आधी घे, चेकने किंवा ट्रान्सफरने घे, आणि हे पैसे मी भाचीला भेट दिलेत अशी त्याच्या सहीची चिठ्ठी फाइलला लाव. एफडी असेल तर ती मोडून पैसे केव्हाही हातात येतात हे बँकेकडून लिहून घे. स्टेटमेंट मोबाइलवरून काढलेलं देण्यापेक्षा शाखेत जाऊन सही-शिक्क्याचं घे. त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळतंय का, ते काउंटर सोडायच्या आधी बघ.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. आयईएल्टीएसला सरासरी 4.5 आली तरी चालते, आणि तू इंग्रजीत पदवी घेतलीस. शिक्षणाची अट बारावीनंतर निदान दोन वर्षं शिकल्याची आहे, तीही तू केव्हाच ओलांडलीस.

तुझ्या मैत्रिणीला कुणीतरी म्हणालाय ना, पैसे भरा, निवडीचं मी बघतो? तिला माझ्याकडे पाठव. संगणक नावं उचलतो, त्यात कुणाचा हात पोचत नाही. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर सरकारी नोंदणी असलेल्या मायग्रेशन एजंटकडे जावं, त्याचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत तपासता येतो. पण निवडीची हमी देणारा माणूस खोटंच बोलतोय. त्याच्याकडे पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा ठेवायची नाही.

ब्रिटनचंही कानावर असू दे. तिथल्या यंग प्रोफेशनल्स योजनेत भारतीयांना वर्षाला 3,000 जागा आहेत आणि दोन वर्षं राहता येतं. सोडतीला फी नाही, पण नोंदणीची खिडकी अवघे 48 तास उघडी असते. पदवी लागते, आणि खात्यात 2,530 पौंड सलग 28 दिवस असावे लागतात. एक दिवस रक्कम खाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. त्यावर आरोग्याचा अधिभार वर्षाला 776 पौंड, दोन वर्षांचा एकदम. खर्चाचा आकडा ऑस्ट्रेलियाहून पुष्कळ मोठा होतो. नाव दोन्हीकडे घालायला हरकत नाही. माझं मत विचारशील तर आधी ऑस्ट्रेलिया.

व्हिसा हातात पडेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही आणि तिकीट काढायचं नाही. घाई करायचं कारणही नाही. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मिळाल्यापासून 12 महिन्यांत केव्हाही जाता येतं आणि तुझं वर्ष तिथे पाऊल ठेवल्यापासून मोजतात.

गेल्यावर पहिलं काम म्हणजे टॅक्स फाइल नंबर. तो फुकट मिळतो, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नकोस. या व्हिसावर पहिल्या डॉलरपासून 15 टक्के कर कापतात, आणि नंबर दिला नाहीस तर कितीतरी जास्त. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरवून दिलेल्या भागांत तीन महिने शेतीसारखी नेमलेली कामं करावी लागतात. मिल्ड्युराला द्राक्षं आहेत, बंडाबर्गला ऊस आणि भाजीपाला आहे. निफाडच्या घरात वाढलेल्या मुलीला द्राक्षाचा मळा परका वाटणार नाही, पण हिशोब मात्र परका आहे, तो समजून घे. पेटीमागे पैसे ठरले असले तरी 2022 पासून तिथल्या बागांमध्ये तासाची किमान मजुरी द्यावीच लागते. भरलेल्या पेट्या कमी झाल्या म्हणून त्याखाली कुणी देऊ लागलं तर ते बेकायदा आहे. फेअर वर्क ऑम्बुड्समनकडे तक्रार करायची, भ्यायचं नाही. दर आठवड्याची पे-स्लिप जपून ठेव. मजुरीचा पुरावा तीच, आणि दुसऱ्या व्हिसाचाही. पासपोर्ट मालकाच्या कपाटात द्यायचा नाही, कितीही गोड बोलला तरी. देश सोडल्यावर, व्हिसा संपला की तुझ्या नावावर साठलेले निवृत्तीनिधीचे पैसे मागून घ्यायला विसरू नकोस. त्यातला 65 टक्के कर जातो, तरी उरलेली तुझ्या कष्टाची कमाई आहे.

आईने मेतकूट, लोणचं, तुपातले लाडू बांधून दिले तर विमानातल्या कार्डावर खायचे पदार्थ आहेत असं सरळ लिही. सांगितलंस तर फार तर काढून घेतील. लपवलंस तर जबर दंड होतो, व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो.

समुद्राचं मात्र कळकळीने सांगते. तिथल्या किनाऱ्यांवर आपली कितीतरी मुलं बुडाली आहेत. लाल-पिवळे दोन झेंडे दिसतील, त्यांच्या मधेच पाण्यात उतरायचं. झेंडे नसतील तर उतरायचंच नाही, कितीही पोहता येत असलं तरी.

यंदा नंबर लागला नाही तर हिरमुसू नकोस, फाइल तशीच ठेव. मागच्या वर्षीची नोंदणी पुढे चालत नाही. दरवर्षी नव्याने 25 डॉलर भरून नाव घालावं लागतं, आणि ते वयाची 31 वर्षं पूर्ण व्हायच्या आतच घालता येतं.