मुलांच्या हातांनी आखूया शाळेची रंगवाट

शाळेच्या कुंपणाकडेने जाणारी मोकळी पट्टी आहे ना? तिच्यावर आपण रंगवाट करणार आहोत. आठ थांबे, प्रत्येक थांब्यावर मुलांनी काढलेलं एक चित्र आणि त्या चित्रावरच करायचा एक व्यायाम. चित्रं मुलं काढतील, उड्याही मुलंच मारतील. तुम्ही फक्त टेपचं टोक धरायचं आणि क्रम मोडू द्यायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे चार शनिवार हाताशी ठेवा, कारण तेव्हा पाऊस गेलेला असतो आणि रंग नीट वाळतो. नियम एकच: आधी खडू, मग उडी, मग रंग.

साहित्य: मोजायचा टेप, सुतळी, खडू, चौकटीची वही, जुनी एक्स-रे फिल्म, कटर, मास्किंग टेप, खराटा, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, भिंतीसाठी प्रायमर आणि एक्स्टिरिअर इमल्शन, जमिनीसाठी पाण्यात मिसळणारा फ्लोअर पेंट, एक आणि दोन इंची ब्रश, स्पंज, चाळलेली कोरडी बारीक वाळू. पांढरा, पिवळा, निळा आणि लाल एवढे चार रंग पुरतात. हिरवा आणि नारिंगी मुलं मिसळून करतील. चकचकीत ऑइल पेंट मात्र जमिनीसाठी आणू नका. त्यावर पाणी पडलं की पाय सटकलाच म्हणून समजा.

पहिला शनिवार: चालून बघा

१. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी होकार घ्या. तोंडी 'करा की' वर थांबू नका. पुढच्या महिन्यात तीच भिंत दुरुस्तीला निघाली तर सगळी मेहनत पाण्यात.

२. मुलांना घेऊन पूर्ण आवार एकदा चाला. गटाराची झाकणं, नळाजवळची ओल, गाडी वळायची जागा आणि पोषण आहाराची रांग जिथे असेल, तिथून वाट नेऊ नका.

३. वाटेची दिशा खडूने बाण काढून दाखवा. सगळे बाण एकाच दिशेचे हवेत आणि वाट कुठेही स्वतःला कापून जायला नको. कापली तर तिथे टक्कर ठरलेली.

४. साधारण पंधरा-पंधरा पावलांवर आठ थांब्यांच्या खुणा करा. उडीचा थांबा भिंत, खांब आणि पायऱ्यांपासून किमान दोन मीटर दूर ठेवा.

५. प्रत्येक खुणेला एक व्यायाम द्या. हा क्रम जमून येतो:
 • पहिला: पावलांच्या ठशांवर जागच्या जागी धावणं
 • दुसरा: ठिकरीच्या चौकटींतून लंगडी
 • तिसरा: हातांच्या ठशांवर तळवे टेकून भिंतीला ढकलणं
 • चौथा: लांबलचक सापावरून तोल सांभाळत चालणं
 • पाचवा: उभ्याने लांब उडी
 • सहावा: टाचा उचलून भिंतीवरच्या फांदीतलं सर्वांत उंच फळ शिवणं
 • सातवा: कमळाच्या पानांवरून बेडूकउड्या
 • आठवा: वृक्षासन आणि सावकाश श्वास

 क्रम बदलायचा असेल तर खुशाल बदला. फक्त उड्यांचे दोन थांबे लागोपाठ आणू नका, पाय भरून येतात.

६. मुलांचे आठ गट पाडा. छान चित्र काढणारी सगळी मुलं एकाच गटात जमू देऊ नका. प्रत्येक गटात एक चित्रकार, एक उड्या मारणारा आणि एखादं पहिली-दुसरीतलं पिल्लू हवंच.

दुसरा शनिवार: खडूने आखा, उडून बघा

७. प्रत्येक गटाला आपलं चित्र चौकटीच्या वहीत काढायला सांगा. एक चौकट म्हणजे जमिनीवरचे १० सेंटिमीटर, हे आधीच फळ्यावर लिहा. नाहीतर वहीतला साप जमिनीवर गांडूळ होईल.

८. चित्र दहा पावलांवरून ओळखू येतं का, ते दुसऱ्या गटाकडून तपासून घ्या. ओळखू आलं नाही तर बारीक रेघा खोडा आणि आकार मोठा करा. बारीकसारीक नक्षी जमिनीवर टिकत नाही.

९. तिसरी-चौथीतल्या एखाद्या मुलाची पावलं आणि तळवे एक्स-रे फिल्मवर गिरवून घ्या. मोठ्यांचे ठसे घेतलेत तर लहानांच्या पायांतलं अंतर उगाच वाढतं.

१०. गिरवलेला आकार कापून साचा करा. कटर तुमच्याच हातात राहू द्या. मुलांनी फिल्म घट्ट धरली तरी खूप झालं, आणि तीही पात्यापासून लांब.

११. ठिकरीच्या चौकटींसाठी सुतळी ताणून पहिली सरळ रेघ मारा. डोळ्यांच्या अंदाजावर गेलात तर दहाव्या चौकटीपर्यंत रेघ कुंपणात शिरते.

१२. त्या रेघेवर काटकोन काढा. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजा. तिरकस अंतर बरोबर ५ फूट भरलं की कोन जमला. गवंड्याचा गुण्या मिळाला तर उत्तमच. मात्र लहान गुण्यावरून लांब रेघ काढू नका, ती भरकटते.

१३. आठही चित्रं खडूने पूर्ण मापात उतरवा. ठिकरीची चौकट ४० सेंटिमीटरची, सापाची रुंदी १० सेंटिमीटर, लांब उडीच्या खुणा दर २५ सेंटिमीटरवर २ मीटरपर्यंत. भिंतीवरच्या फळांची उंची मात्र आत्ताच ठरवू नका.

१४. शाळेतल्या सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच मुलाला भिंतीपाशी टाचा उचलून हात वर करायला सांगा. दोघांची बोटं जिथे टेकतील त्या दोन खुणांच्या मध्ये फळं काढा. सगळी फळं वरच टांगलीत तर पहिलीतली मुलं या थांब्यावर पुन्हा फिरकणार नाहीत.

१५. आता आधी पहिलीतल्या आणि मग सातवीतल्या मुलांना पूर्ण वाट करायला लावा. तुम्ही मध्ये बोलू नका. मूल जिथे थांबून 'आता काय करू?' विचारतं, तिथलं चित्र चुकलंय.

१६. चुकलेल्या जागा लगेच पुसून पुन्हा आखा. कमळाच्या पानांवर लहान मुलं पोचत नसतील तर पानं जवळ घ्या. उडी लांब करायला त्यांना ढकलू नका.

१७. सुधारलेली सगळी मापं वहीत नोंदवा आणि फोनवर फोटो काढा. हे विसरलात तर पुढच्या शनिवारी कपाळाला हात! कारण खडू आता धुऊन जाणार आहे.

तिसरा शनिवार: जमीन आणि भिंत तयार करा

१८. जमीन खराट्याने झाडा आणि पाण्याने धुवा. शेवाळ असेल तिथे तारेचा ब्रश मारा. शेवाळावर दिलेला रंग पापुद्र्यासारखा निघतो. कोबा नवा असेल तर तो ओतल्यापासून २८ दिवस होईपर्यंत रंगाला हात लावू नका.

१९. वाटेत मातीची जागा असेल तर तिथे शहाबादी फरशी बसवून घ्या, कारण मातीवर रंग धरत नाही. फरशीची कड जमिनीच्या वर राहू देऊ नका, ठेच लागते.

२०. भिंतीवर तळवा घासून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली तर तो जुना चुना आहे; पॉलिश पेपरने खरवडून काढा. मुलांच्या तोंडाला रुमाल बांधायला विसरू नका.

२१. घासलेल्या भिंतीला प्रायमरचा एक हात द्या. भिंत ओली असेल तर आज थांबा. आत कोंडलेली ओल पुढे फुगे आणते.

चौथा शनिवार-रविवार: आता रंग

२२. वही उघडा आणि खडूच्या बारीक रेघांनी सगळं पुन्हा आखा. मैदान आखायची चुन्याची फक्की इथे वापरू नका. तिच्यावर रंग चिकटत नाही.

२३. सरळ कडांना मास्किंग टेप लावा. टेपची कड बोटाने दाबत जा, नाहीतर खालून रंग पसरतो.

२४. सकाळच्या उन्हातच रंगाचा पहिला हात पातळ द्या. शाळेच्या 'आनंददायी शनिवार' उपक्रमाचे तास याच कामाला घ्या. दुपारच्या तापल्या कोब्यावर रंग ब्रशलाच सुकतो आणि पट्टे पडतात. गटातल्या दोघांनीच रंगवायचं, बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. नाहीतर ताज्या रंगावर कुणीतरी बसतंच.

२५. जमिनीवरच्या ओल्या रंगावर बारीक वाळू चिमटीने भुरभुरा. एकाच जागी ढीग करू नका. पाय घसरू नये एवढाच खरखरीतपणा हवा, गुडघे सोलायला नको.

२६. वाट चारही बाजूंनी सुतळीने बंद करा. भटकी कुत्री येत असतील तर फाटकही लावून घ्या, त्यांचे पंजे वाळूपेक्षा पक्के उमटतात.

२७. रविवारी सकाळी सैल वाळू हलक्या हाताने झाडा. पाणी मारू नका.

२८. रंगाचा दुसरा हात द्या. डब्यावर दोन हातांमध्ये जेवढं अंतर लिहिलंय तेवढं झालंय ना, हे आधी वाचा.

२९. रंग पूर्ण कडक होण्याआधी टेप सावकाश तिरकस ओढून काढा. दुसऱ्या दिवसावर ढकललंत तर टेपबरोबर कडाही निघून येतील.

३०. पावलांचे आणि तळव्यांचे ठसे साचा ठेवून स्पंजने उमटवा. स्पंज रंगात बुडवला की आधी कागदावर टिपून घ्या. ओथंबलेल्या स्पंजाने पावलाचं हत्तीचं पाऊल होतं.

३१. प्रत्येक थांब्याजवळ दोनच शब्द लिहा: 'पाच उड्या', 'दहा धक्के', 'तीन श्वास'. वाक्य लिहू नका. मुलं पळताना वाचत नाहीत.

वाट खुली करा

३२. डब्यावर सांगितलेली वाळण्याची मुदत संपली की सुतळी सोडा. घाई करून बुटांनी चालू दिलंत तर पहिल्याच दिवशी सालं निघतात.

३३. प्रत्येक थांब्यावर तो रंगवणाऱ्या गटातलं एक मूल उभं करा आणि व्यायाम त्यालाच करून दाखवू द्या. तुम्ही शिट्टी वाजवून घाई लावू नका.

३४. एकामागून एक मूल सोडा. पुढचं तिसऱ्या थांब्यावर पोचलं की मग दुसरं. एकदम सोडलंत तर ठिकरीपाशी बाजार भरतो.

३५. महिन्यातून एकदा वाट झाडून निघालेले टवके बघा आणि तेवढ्याच जागी रंग भरा. पावसाळ्यात कुठे शेवाळ दिसलं तर तो थांबा घासून साफ होईपर्यंत सुतळीने बंद ठेवा.

३६. पुढच्या दिवाळीनंतर एक थांबा नव्या गटाला पूर्ण बदलायला द्या. कोणता, ते मुलांनाच मतदान करून ठरवू द्या. फक्त रंगाचा डबा उघडण्याआधी त्यांच्याही हातात खडूच द्या!