दहावीनंतर कोणती शाखा? – शेतकरी पालकांसाठीं कांहीं विचार

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे बियाणें, खतें आणि मशागत यांच्या चिंतेंत शेतकरी गढून गेलेला असतो. दहावीचा निकालही साधारणतः याच सुमारास, मे अगर जून महिन्यांत लागतो; आणि अकरावीचा अर्ज भरण्यास जे थोडे दिवस मिळतात ते पेरणीच्या धांदलींत निघून जातात. सोयाबीनचें कोणतें वाण घ्यावें यासाठीं आपण चार गांवें फिरतों, कृषि केंद्रावर तासभर वाद घालतों; परंतु मुलानें पुढें काय शिकावें हें मात्र संगणकाच्या दुकानांतील अर्ज भरणाऱ्या माणसानें विचारलें म्हणजे तेथेंच उभ्याउभ्या ठरतें. ही गोष्ट आमच्या पाहण्यांत इतक्या वेळां आली आहे कीं, या महिन्यांत पिकांचा विषय बाजूस ठेवून हाच विषय वाचकांपुढें मांडावा असें आम्हांस वाटलें.

हा विषय शेतकीच्या मासिकाचा नव्हे, असें कोणी म्हणूं नये. महाराष्ट्रांतील दर खातेदाराचें सरासरी क्षेत्र सन १९७०-७१ च्या कृषिगणनेंत ४.२८ हेक्टर होतें. सन २०१५-१६ च्या गणनेंत तें १.३४ हेक्टरवर आलें. म्हणजे साडेदहा एकरांचे जेमतेम सव्वातीन एकर राहिले. त्या सव्वातीन एकरांची पुन्हां वांटणी व्हावयाची असेल तर दोघां भावांपैकीं एकानें शेताबाहेरची मिळकत उभी करणें, किंवा शेतांतच राहावयाचें तर अधिक जाणतेपणानें राहणें, यावांचून मार्ग नाहीं. दहावीनंतरचीं दोन वर्षें चुकीच्या वाटेनें गेलीं तर त्यांचा भार शेवटीं त्याच जमिनीवर पडतो.

दहा वर्षें शाळा, दोन वर्षें उच्च माध्यमिक आणि त्यापुढें पदवी, ही रचना कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींवरून आली. सन २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत नववी ते बारावी हा चार वर्षांचा एकच टप्पा कल्पिला असून, शाखांमधील भिंती सैल कराव्या असें म्हटलें आहे. धोरण कांहींही म्हणो, आज अर्ज भरतांना कला, वाणिज्य कीं विज्ञान हा प्रश्न समोर येतोच. सन २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यांत संगणकाच्या एकाच व्यवस्थेनें होऊं लागले. त्यांत पसंतीक्रमानें कॉलेजांचीं नांवें द्यावीं लागतात, आणि पहिल्या पसंतीचें कॉलेज मिळालें तर तें घ्यावेंच लागतें. म्हणून पहिलें नांव ‘सहज’ म्हणून घालूं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. निकाल लागला म्हणजे आपण टक्केवारी विचारतों. गुणपत्रक वाचीत नाहीं. राज्य मंडळाच्या दहावींत सहा विषय सहाशें गुणांचे असतात, परंतु टक्केवारी काढतांना अधिकांत अधिक गुणांचे पांच विषयच धरतात. सर्वांत कमी गुणांचा सहावा विषय टक्केवारींत येतच नाहीं. हा विषय पुष्कळदां गणित असतो! शिवाय प्रत्येक विषयांत शंभरांपैकीं वीस गुण शाळेनें द्यावयाचे असतात, आणि शाळा ते बहुधा सढळ हातानें देतात. म्हणून पालकांनीं पहिलें काम हें करावें कीं, गुणपत्रक हातीं घेऊन गणित व विज्ञान या दोन विषयांचे शाळेचे गुण वजा करावे आणि ऐंशींपैकीं लेखी परीक्षेंत खरोखर किती मिळाले तें पाहावें. वजन करतांना पोत्याचें वजन कापून मगच आपण मालाचें वजन धरतों. येथेंही तसेंच करावयाचें.

ही गोष्ट आम्हीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. आमच्या पुतण्यास दहावीस एक्याऐंशी टक्के मिळाले, तेव्हां साऱ्या भावकींत पेढे वांटले आणि इंजिनीयर करावयाचा असें आम्ही वडीलमाणसांनींच ठरविलें. त्याला विचारलें असें आम्हांस आठवत नाहीं. गणितांत त्याला बावन्न होते. त्यांतील अठरा शाळेचे. म्हणजे ऐंशींपैकीं चौतीस! परंतु हा हिशेब त्या वेळीं कोणी केला नाहीं. दूरच्या शहरीं शिकवणीच्या वर्गांत त्याला घातला आणि खर्चासाठीं सोसायटीचें पीककर्ज तिकडे वळविलें. बारावीस तो गणितांतच नापास झाला. पुरवणी परीक्षेच्या नादांत आणखी एक वर्ष गेलें. मग एके दिवशीं त्यानेंच धीर करून सांगितलें कीं, ‘काका, मला मोटारी दुरुस्त करायला आवडतात, लहानपणापासून विहिरीवरची मोटार मीच उघडीत होतों, तें तुम्ही पाहत होतां.’ आम्ही पाहत होतों हें खरें होतें. दहावीच्या गुणांवर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत त्याला वीजतंत्री या व्यवसायास प्रवेश मिळाला. आज त्याचें बरें चाललें आहे. परंतु गेलेलीं तीन वर्षें आणि त्या कर्जाचें व्याज यांचा दोष आम्ही त्याच्या माथीं मारूं शकत नाहीं.

गणिताइतकाच दुसरा खडा भाषेचा. मराठी माध्यमाच्या शाळेंत दहावीपर्यंत शिकलेला मुलगा अकरावी विज्ञानास गेला कीं सर्व पाठ्यपुस्तकें एकदम इंग्रजींत येतात. ‘त्वरण’ त्याला चांगलें समजलेलें असतें, पण वर्गांत ‘अॅक्सिलरेशन’ ऐकून तो गप्प बसतो. आणि गुरुजींस वाटतें कीं मुलगा मठ्ठ आहे. पहिल्या चाचणींत गुण कोसळतात, मुलाचा धीर सुटतो. यावर उपाय फार अवघड नाहीं. दहावीची परीक्षा मार्च महिन्यांत संपते. अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत तीन महिने तरी हातीं असतात. या काळांत नववी-दहावीचें विज्ञानाचें तेंच पुस्तक इंग्रजी माध्यमाचें आणून, समजलेला भागच इंग्रजींतून पुन्हां वाचावा आणि शब्दांची वही करावी. रोज दहा शब्द झाले तरी पुष्कळ. ज्या शाळांत विज्ञान व गणित इंग्रजींतून शिकवितात तेथील मुलांस ही अडचण कमी.

विज्ञान शाखा घेतली तरी आंत पुन्हां वाटा फुटतात, आणि शेतकऱ्याच्या मुलास याच वाटांची माहिती कमी असते. कृषीची चार वर्षांची पदवी राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील चार कृषि विद्यापीठांच्या कॉलेजांतून मिळते. त्यासाठीं साधारणतः बारावी विज्ञान आणि राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा लागते. येथें जीवशास्त्र अगर गणित यांपैकीं एक असलें तरी भागतें. परंतु कृषि अभियांत्रिकीस गणित पाहिजे. पशुवैद्यक व्हावयाचें तर जीवशास्त्र पाहिजे आणि वैद्यकीसाठीं असणारी ‘नीट’ ही परीक्षाही दिली पाहिजे. पशुवैद्यकाचें शिक्षण नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे असून तें साडेपांच वर्षांचें आहे. ज्या मुलाचें मन अजून ठरत नाहीं, आणि ज्याची दोन्ही विषय पेलण्याची ताकद आहे, त्यानें अकरावीस गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावे. ताकद नसतांना दोन्ही ठेवणें म्हणजे एका विहिरीच्या पाण्यावर ऊंस आणि केळी दोन्ही करणें होय. कांहीं कॉलेजांत पीकशास्त्रासारखे व्यावसायिक विषयही मिळतात; ते आपल्या तालुक्यांत कोठें आहेत याची चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट. विज्ञानाच्या मुलास बारावीनंतर कला अगर वाणिज्य शाखेस जातां येतें. उलट दिशेनें येतां येत नाहीं. आमच्या शेजारच्या गांवीं एक मुलगी होती. गणित-विज्ञानांत चांगली, घरच्या द्राक्षबागेची फवारणीची नोंदवही तीच ठेवी, आणि तिला कृषि पदवी घ्यावयाची होती. परंतु गांवाजवळच्या कॉलेजांत कला शाखाच होती; मुलीला बसनें लांब कशाला पाठवावयाचें, म्हणून वडिलांनीं तिचें नांव तेथेंच घातलें. बारावीनंतर अर्ज करावयास गेले तेव्हां दार बंद असल्याचें कळलें. त्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाहीं. बसची वेळ आणि मुलीची काळजी या खऱ्या गोष्टी आहेत. पण वसतिगृहाची चौकशी दोन दिवसांत झाली असती. सन २०२४ पासून तर आठ लाखांच्या आंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली आहे.

अकरावीस न जातांही पुढें जातां येतें, हें अनेकांच्या ध्यानांत येत नाहीं. तंत्रनिकेतनांतील तीन वर्षांची पदविका दहावीनंतर मिळते, आणि ती झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षांत बसतां येतें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत ट्रॅक्टर दुरुस्ती एक वर्षाची, वीजतंत्री व फिटर हे व्यवसाय दोन वर्षांचे. दोन वर्षांचा व्यवसाय पुरा केलेल्या मुलास तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षांतही प्रवेश मिळूं शकतो. कृषि विद्यापीठांच्या देखरेखीखालीं शेतकी पदविकेचीं विद्यालयेंही आहेत. जो मुलगा घरची शेती करणारच आहे, त्याच्या दृष्टीनें हा मार्ग सुटसुटीत आहे. ‘आय. टी. आय.’ म्हटलें कीं आपल्याकडे नाकें मुरडतात. परंतु पंप जळून पीक वाळूं लागलें म्हणजे आपण कोणाच्या दारीं जातों?

वाणिज्य शाखेचा विचार शेतकरी फारसा करीत नाहीं. दूध संघ, साखर कारखाना, पतसंस्था आणि सन २००२ च्या कायद्यानें निघालेल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, या सर्वांस नीट हिशेब ठेवणारा आपला माणूस हवा असतो, एवढें येथें म्हणून ठेवितों. कला शाखेसही ‘नापासांची शाखा’ म्हणणें अज्ञानाचें आहे. राज्यसेवेच्या परीक्षेस कोणत्याही शाखेची पदवी चालते. मात्र केवळ वेळ काढण्यास कोणतीही शाखा घेऊं नये.

शिकवणीच्या वर्गांविषयीं दोन शब्द. लातूर, नांदेड अशा शहरीं दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलें जातात, आणि त्यांतील कित्येकांचें भलेंही होतें. परंतु नांव एका कॉलेजांत आणि बसणें वर्गांत, अशी जी रीत पडली आहे तींत प्रयोगशाळा बाजूस राहते. भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांत प्रत्येकीं तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. हे वर्ग केवळ ऐकीव माहितीवर निवडूं नयेत, आणि त्यासाठीं जमीन गहाण तर मुळींच टाकूं नये. मुलाचे लेखी गुण आधीं पाहावे, मग खर्चाचा आंकडा.

सन २०१६ पासून कांहीं वर्षें दहावीच्या मुलांची कलचाचणी घेण्यांत येत असे. तिचा कागद पुष्कळ घरीं वाचला गेला नाहीं, असा आमचा अनुभव आहे. चाचणीपेक्षां सोपा मार्ग म्हणजे मुलाकडे लक्ष देणें. सुट्टींत तो आपण होऊन काय करतो, कोणत्या कामास न सांगतां उठतो, कोणता विषय रात्रीं उशीरापर्यंत वाचतो, हें आईस बहुधा ठाऊक असतें. तिला या बैठकींत अवश्य बसवावें. मुलास त्याचें मत सर्वांदेखत न विचारतां, बांधावरून चालतांना एकट्यास विचारावें. चार पाहुण्यांसमोर कोणताही मुलगा ‘डॉक्टर’ असेंच म्हणेल.

शेवटीं कागदपत्रांची गोष्ट. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा व नॉन-क्रीमीलेयरचा दाखला, आणि पुढें कृषि प्रवेशासाठीं सातबारा उतारा, हे कागद निकाल लागल्यावर काढूं म्हणून ठेवूं नयेत. शेतकरी कुटुंबांतील मुलांस कृषि पदवीच्या प्रवेशांत कांहीं अधिक गुण मिळतात. त्याचा नियम त्या त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेंत पाहावा. सातबाऱ्यावर आजोबांचेंच नांव राहिलें असेल तर वारसाची नोंद आतांपासून करून घ्यावी. तिला लागणारा वेळ अर्जाच्या मुदतींत सांपडत नाहीं. एप्रिल महिन्यांत गहूं-हरभऱ्याचीं कामें आटोपलीं कीं एक दिवस मुलाला बरोबर घेऊन तहसील कचेरींत जावें, आणि परततांना ज्या कॉलेजाचें नांव पहिलें घालावयाचें आहे त्याची प्रयोगशाळा व वसतिगृह दोघांनीं मिळून पाहून यावें.