तोट्यातील विमान कंपनीचा शेअर: स्वस्त की महाग?

काल चाळीस रुपयांना मिळणारी भाजी आज वीस रुपयांना मिळाली, तर ती स्वस्त झाली असे आपण निःशंकपणे म्हणतो. भाजी तीच असते; बदललेला असतो तो केवळ तिचा भाव. शेअरबाजारात मात्र भावाबरोबर वस्तूही बदलत असते. संकटात सापडलेल्या कंपनीचा शेअर घेणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराची फसगत बहुधा येथेच होते. जेट एअरवेजच्या शेअरबाबत २०१९ पासून जो वाद चालू राहिला, तो या दृष्टीने तपशीलवार पाहण्यासारखा आहे.

या कंपनीने ५ मे १९९३ रोजी विमानसेवा सुरू केली. २००५ च्या प्रारंभी तिने आपले शेअर जनतेला प्रत्येकी १,१०० रुपये भावाने विकले, तेव्हा ते मिळवण्यासाठी झुंबड उडाली होती. २००७ मध्ये तिने १,४५० कोटी रुपयांना एअर सहारा ही कंपनी विकत घेतली. २०१३ मध्ये अबुधाबीच्या एतिहाद कंपनीने जेटचे २४ टक्के शेअर प्रत्येकी सुमारे ७५५ रुपयांना घेण्याचा करार केला. पुढे स्वस्त भाड्याच्या कंपन्यांशी स्पर्धा वाढली, २०१८ मध्ये खनिज तेल महागले आणि रुपया घसरला. इंधनाचा खर्च आणि डॉलरमध्ये द्यावे लागणारे विमानांचे भाडे या दोन्हींचा बोजा एकदमच वाढला. २०१८ च्या अखेरीस बँकांचा हप्ता थकला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे जेटचे शेवटचे विमान ठरले.

विमाने थांबली, पण शेअरचे व्यवहार थांबले नाहीत. १९ जून २०१९ रोजी भाव तेहतीस रुपयांच्या आसपास आला होता. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने बँकांचा नादारीचा अर्ज दाखल करून घेतला आणि, वाचकांस विलक्षण वाटेल, त्या एका दिवसात भाव जवळजवळ दुप्पट झाला.

शेअर घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. अकराशे रुपयांचा शेअर तीस-पस्तीस रुपयांना मिळतो आहे. कंपनीचे नाव घरोघरी ठाऊक आहे. मुंबई आणि दिल्ली येथील गजबजलेल्या विमानतळांवर तिच्या उड्डाणवेळा राखलेल्या आहेत. शिवाय हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी जाईल अशा स्थितीत सरकार स्वस्थ कसे बसेल? विरुद्ध पक्षाचे उत्तर असे की, यांपैकी कोणतीही गोष्ट शेअरधारकाच्या मालकीची नाही. बहुतेक विमाने भाडेपट्ट्याची होती आणि भाडे थकताच मालक ती परत नेऊ लागले. उड्डाणवेळा ही काही जमिनीसारखी मालमत्ता नव्हे. त्या वापरण्याची केवळ अनुज्ञा असते. जेट बंद पडताच तिच्या शेकडो वेळा इतर कंपन्यांना, तात्पुरत्या म्हणून का होईना, वाटून देण्यात आल्या. चांगल्या नावाला किंमत असते हे खरे. परंतु ती किंमत प्रथम कोणाच्या पदरात पडते, हा खरा प्रश्न आहे.

तो सोडवण्यासाठी थोडे अंकगणित करावे लागते. कंपनीचे एकूण शेअर सुमारे ११.३६ कोटी होते. तेहतीस रुपये भावाने त्या सर्वांची किंमत ३७५ कोटी रुपये होते. एवढ्या मोठ्या विमान कंपनीला ३७५ कोटी ही रक्कम किरकोळ वाटते. परंतु सगळे शेअर विकत घेणाऱ्याला कंपनीबरोबर तिची देणीही घ्यावी लागली असती. एकट्या बँकांचेच देणे आठ हजार कोटींहून अधिक होते. विमानांचे मालक, इंधन पुरवणारे, पगार थकलेले कर्मचारी आणि तिकिटाचे पैसे अडकलेले प्रवासी हे वेगळेच. म्हणजे शेअर तेहतीस रुपयांना मिळत असला, तरी कंपनीची किंमत ३७५ कोटी नव्हती. शेअरचा भाव पाहताना त्यात कर्जाची रक्कम मिळवावयाची असते, हे साधे सूत्र अनुभवी दलालही उत्साहाच्या भरात विसरतात.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने कंपनीच्या अवसायनात कोणाला आधी आणि कोणाला नंतर पैसे द्यावयाचे याचा क्रम ठरवून दिला आहे. प्रथम प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचे चोवीस महिन्यांपर्यंतचे वेतन आणि तारण असलेले धनको. नंतर इतर कर्मचारी, विनातारण कर्ज देणारे, सरकार व उर्वरित देणेकरी. सामान्य शेअरधारक अगदी शेवटी येतो. वरच्या सर्वांची भूक भागल्यावर पातेल्यात काही उरले, तरच त्याला वाढले जाते.

मग ज्या कंपनीची देणी मालमत्तेहून अधिक आहेत तिचा शेअर नेहमीच महाग समजावा काय? तसे मात्र नाही. इंडिगो चालवणाऱ्या इंटरग्लोब कंपनीची निव्वळ मत्ता करोनाकाळातील तोट्यामुळे मार्च २०२२ आणि मार्च २०२३ अखेर उणे होती. तरीही तिचा शेअर घेणारे फसले नाहीत. तिची विमाने उडत होती, हाताशी हजारो कोटींची रोकड होती आणि रोज तिकिटे विकली जात होती. ताळेबंदातील उणे चिन्ह दोन्हींकडे सारखेच. एकीकडे धंदा चालू होता, दुसरीकडे तो थांबला होता. जेटविषयी वाद घालणाऱ्यांनी हा भेद फारसा विचारात घेतलेला दिसत नाही.

या वादाचा सर्वांत उद्बोधक भाग २०२१ मधील आहे. जून महिन्यात न्यायाधिकरणाने जालान-कालरॉक या गटाची पुनरुज्जीवन योजना मंजूर केली. त्या सुमारास भाव शंभर रुपयांच्या घरात होता. कंपनी पुन्हा उडणार, या आशेने लोक शेअर धरून बसले होते. कंपनी कदाचित उडालीही असती. पण कोणाची म्हणून? योजनेनुसार जुन्या सर्वसामान्य भागधारकांच्या वाट्याला नव्या कंपनीचा पाव टक्क्याहूनही कमी हिस्सा येणार होता आणि ही माहिती जाहीर झालेली होती. आता हिशेब पाहा. या भागधारकांकडील शेअर कमीत कमी धरून दोन कोटी मानले, तर शंभर रुपये भावाने त्यांची किंमत दोनशे कोटी होते. पाव टक्का हिस्सा दोनशे कोटींचा ठरावयाचा, तर संपूर्ण कंपनी ऐंशी हजार कोटींची असावयास हवी. रोज शेकडो उड्डाणे करणाऱ्या इंडिगोची बाजारातील किंमतही त्या वेळी एवढी नव्हती; आणि जेटचे एकही विमान प्रवाशांना घेऊन उडत नव्हते.

येथे भविष्य जाणण्याचा प्रश्नच नव्हता. गुणाकार आणि भागाकार येणाऱ्या कोणालाही हे उत्तर काढता आले असते. तरीही शेअर घेतले गेले, कारण बहुतेकांनी "कंपनी वाचेल काय?" एवढेच विचारले, "वाचली तर माझे काय उरेल?" हे विचारले नाही. ज्यांनी सातशे-आठशे रुपयांना शेअर घेतले होते, त्यांच्या मनात आणखी एक वेदना असावी: विकला की तोटा खरा होतो, ठेवला तर तो निदान कागदावर राहतो. हे माणसाच्या स्वभावाला धरूनच आहे आणि त्याला हसण्याचे कारण नाही. परंतु त्याच वेळी शंभर रुपये मोजून नव्याने आत येणाऱ्याला ही सबबही नव्हती.

योजना पुढे पैशांच्या पूर्ततेवरून अडली. बँका आणि नवा गट यांच्यात वर्षानुवर्षे दावे चालले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा आदेश दिला. त्या सुमारास बाजारात शेअरचा भाव चौतीस रुपये होता, म्हणजे कोणीतरी तो चौतीस रुपयांना विकत घेत होते.