वेगवेगळ्या विणींतील एंजलफिशच्या पिलांचे संगोपन

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले आणि महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या शालेय सहलींचे ते ठरलेले ठिकाण बनले. काचेपलीकडचे रंगीत मासे पाहून आलेल्या मुलांच्या हट्टापायी कितीतरी घरांत मत्स्यपेटी आली. अशा पेटीत एंजलफिशची जोडी जमली, की पालक आणि विद्यार्थी यांच्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. त्याचा विचार आपण प्रस्तुत लेखात करणार आहोत.

एंजलफिश हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातील मासा. मादी पानावर किंवा उभ्या पाटीवर एका वेळी शेकडो अंडी चिकटवते. २७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ती सुमारे अडीच दिवसांत फुटतात आणि पुढे पाच-सहा दिवसांनी पिले पोहू लागतात. त्या वेळी त्यांना नुकतेच उबवलेले आर्टेमियाचे जिवंत खाद्य द्यावे लागते. अंडी वेगळी काढली, तर तीच जोडी दोन-तीन आठवड्यांत पुन्हा वीत असते. त्यामुळे घरात दोन विणींची पिले आणि पेटी मात्र एकच, अशी अडचण येते. ही पिले एकत्र सोडावीत काय?

लगेच सोडू नयेत, असे आमचे उत्तर आहे. एंजलफिश कळपात राहतो. परंतु त्या कळपात थोरला-धाकटा असा क्रम ठरतो. तीन आठवड्यांनी मोठे असलेले पिलू खाद्यावर आधी झडप घालते आणि लहानाला कोपऱ्यात रेटते. मोठे झालेले पिलू नुकत्याच पोहू लागलेल्या पिलाला गिळूही शकते. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. वेगळ्या ठिकाणाहून आणलेली पिले वरकरणी निरोगी असली, तरी एका गटाला सवयीचे झालेले जंतू दुसऱ्या गटाला घातक ठरू शकतात.

म्हणून पुढील क्रम पाळावा. बाहेरून आणलेल्या पिलांना तीन-चार आठवडे स्वतंत्र पेटीत ठेवावे. त्यांची जाळी आणि नळीही स्वतंत्र असावी. त्यानंतर दोन्ही गटांतील एक-दोन पिले तिसऱ्या पेटीत दोन आठवडे एकत्र ठेवून पाहावीत. ती ठणठणीत राहिली, तरच बाकीची मिसळावीत. मिसळताना जन्मतारीख न पाहता अंगाचा आकार पाहावा. सर्व पिले एकाच वेळी नव्याने मांडलेल्या पेटीत सोडावीत, म्हणजे कोणाचीही जागा आधीपासून राखलेली नसते. खाद्य थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा आणि पेटीच्या दोन-तीन ठिकाणी टाकावे. रुपयाच्या नाण्याएवढ्या पिलामागे किमान ८ लिटर पाणी धरावे. म्हणजे १०० लिटरच्या पेटीत बारा पिले पुरेत.

नाशिककरांनी थंडीचा विचार वेगळा करणे अगत्याचे आहे. हिवाळ्यात येथील रात्रीचे तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली जाते. निफाडचा गारठा तर सर्वपरिचित आहे. अशा वेळी हीटर आवश्यक ठरतो. नळाचे पाणी क्लोरीन उडून जाण्यासाठी पिंपात एक दिवस उघडे ठेवावे आणि पेटीतील पाण्याइतके कोमट करूनच घालावे. एक दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलावे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याने पिलांची वाढ खुंटते व पर आखडतात.

येथे या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. मागे राहिलेले पिलू पाहून ‘हे जातीचेच दुबळे’ असा निकाल आपण चटकन देतो. काही पिलांत जन्मजात व्यंग असते, हे खरे. परंतु पुष्कळदा त्याच्या वाट्याला खाद्य कमी आलेले असते, पाणी दूषित असते आणि दांडगे सोबती त्याला रेटत असतात. असे पिलू आपल्याएवढ्या सोबत्यांत, स्वच्छ पाण्यात हलवावे. महिनाभरात ते बहुधा सावरते. मात्र हा बदल वेळेवर व्हावा लागतो. फार काळ खुंटलेली वाढ पुढे पूर्णपणे भरून निघत नाही.

शेवटी एक विनंती. पिले जास्त झाली म्हणून ती गोदावरीत किंवा गंगापूर धरणाच्या पाण्यात सोडू नयेत. परक्या पाण्यात त्यांचे हाल होतात आणि तगलेले परदेशी मासे स्थानिक माशांचे खाद्य व जागा बळकावतात. भारतातील अनेक जलाशयांत तिलापियाने हेच केले आहे. जास्तीची पिले इतर हौशी मित्रांना द्यावीत, अथवा पुढची वीण होऊच देऊ नये. जितक्यांना पुरेसे पाणी देता येईल, तितकीच वाढवावीत.